शेळीची रोपवाटिका

विषय : शेळीच्या रोपवाटिकेत होणाऱ्या चोरीबाबत.

फार पूर्वी, जनावरे दुकाने थाटत त्या काळी, शेळीने रोपवाटिका काढली. रोपे रोज नाहीशी होऊ लागली. विकायला फणसाचे एकच रोप उरले, तेव्हा तिने सिंहाकडून पहाऱ्याला कुत्रा मागून घेतला. "चोर कोणीही असो, सोडू नकोस," तिने बजावले.

दुसऱ्याच दुपारी कुत्र्याने शेळीचाच कान धरला. सारे रान हादरले. सर्वांत जास्त शेळी.

"मेल्या, मी मालकीण आहे!"

"बाई, तोंडात फणसाचं पान आहे."

"माल पारखायला नको?"

"म्हणजे बाकीची रोपं पारखूनच संपली म्हणायची!"

तेव्हापासून कुत्रा त्या रोपासमोरून हलत नाही. फणसाला नवी पाने फुटली आहेत. पहारेकरी परत न्यावा, हा शेळीचा अर्ज सिंहाकडे प्रलंबित आहे.