चार धंद्यांचं घर

"म्हशीची धार काढायचीच राहिली, बाबा. सकाळपासून रेकतेय, कास तटलीय. अण्णा इकडे आले होते का?"

माळावरच्या तकियात, आपल्या झोपडीत, जमालशा फकीर घोंगडी शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

शेतीची पदवी घेऊन आल्यावर कावेरीनेच घराला चार धंदे लावले होते. दूध, पिठाची गिरणी, रेशमाचे किडे आणि वडिलांना, अण्णांना, रात्री गोदामाची राखण. एक बुडाला तर तीन तारतील, असं ती याच फकिराला ऐटीत ऐकवून गेली होती. आज पान हललं तरी दचकत होती.

"आई काय म्हणते?"

"गिरणीवर असतील."

"भाऊ?"

"दादाला वाटलं, किड्यांना तुतीचा पाला आणायला गेले."

"आणि तू?"

"मला वाटलं... गोदामावरच थांबवून घेतलं असेल."

"मोठा माणूस," फकीर म्हणाला. "एका वेळी तीन ठिकाणी."

"थट्टा नको ना, बाबा! फोनही लागत नाही."

"मग हाक मार."

"कुठल्या कामावर आहेत तेच कळेना. हाक कुठं मारू?"

फकिराने सुई घोंगडीत खोचली, काठी घेतली आणि उताराने तुतीच्या रानाकडे चालू लागला. कावेरी मागोमाग.

बांधाशी पाल्याचा भारा सुटून पडला होता. पलीकडे एकच चप्पल. त्यापुढे जुन्या विहिरीचा कठडा ताजा ढासळलेला...

ती कठड्यापर्यंत जाऊन थबकली.

"अण्णा..." ती पुटपुटली.

"ही हाक झाली, बेटी?"

"अण्णाऽऽ!"

विहिरीतून पारवे भर्रकन उडाले. ती किंचाळून मागे सरली. मग पुन्हा पुढे होऊन वाकली.

"अण्णाऽऽ! ओ अण्णाऽऽ!"

बऱ्याच वेळाने खालच्या अंधारातून कण्हल्यासारखं आलं, "आलो गं बाई, आलो... कुठलं काम राहिलं?"

कावेरीने तोंडावर हात दाबून धरला.

फकीर बाभळीला बांधलेला दोर सोडवत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"दोराचं मी बघतो," तो म्हणाला. "त्याला उत्तर तू दे."