आंबेखडकचं मधलं घर

तुम्ही कधी दुसऱ्याच्या दारात उभं राहून "तुमच्या घरात पैसे किती येतात हो?" असं विचारलंय का? नाही ना? मग गेणूची गोष्ट ऐकाच.

आंबेखडक नावाच्या गावात एक भोळा गेणू होता. ग्रामपंचायतीत शिपाई होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

गावाच्या कडेनं ओढा वाहायचा, आणि शाळा नि एसटीचा रस्ता दोन्ही त्याच्या पलीकडे. गेणूची लेक छबू रोज दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून जायची. म्हणून ओढ्यावर साकव व्हावा, निदान पायी जाण्यापुरता तरी, असं साऱ्या गावाला वाटायचं. गेणूला तर सगळ्यांहून जास्त.

एक दिवस ग्रामसेविका सुलभाताई म्हणाल्या, "गेणू, तालुक्याच्या साहेबांना आपल्या मधल्या घराची कमाई हवी आहे. मागच्या मोजणीपासून ती वाढली नसेल, तर साकव मिळेल."

"मधलं घर म्हणजे कुठलं हो ताई?"

"सगळी घरं कमाईप्रमाणे ओळीनं लावायची. बरोबर मधे येईल ते. सरासरी काढली तर एकट्या जगतापांच्या भातगिरणीमुळे सगळं गाव श्रीमंत दिसतं. जा, घरोघर विचारून ये."

गेणू निघाला. पहिल्याच दारात धुरपदाकाकू भांडी घासत होत्या.

"काकू, पैसे किती येतात?"

काकूंनी राखेचा हात तसाच उगारला. गेणू पळत परत आला.

"अरे, असं विचारतात का कुणाला?" ताई म्हणाल्या. "आधी पाणी मागावं. मुलाबाळांची चौकशी करावी. मग हळूच कमाईकडे वळावं."

"बरं ताई. तसंच करतो."

गेणू खरातांकडे गेला. पाणी प्याला. मग म्हणाला, "वहिनी, मुलगा काय करतो? लग्न ठरलंय का? घरात किती येतं?"

खरातवहिनींचे डोळेच चमकले. हा कुणाचं तरी स्थळ घेऊन आलाय! त्यांनी घरची शेती सांगितली, माहेरची सांगितली, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टरही आपल्यातच धरला. वर बशीभर कांदेपोहे. बातमी आळीत पसरली. मग ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा, त्याची कमाई दुप्पट. पोहे खाऊन खाऊन गेणूला चालवेना.

ताईंनी कपाळाला हात लावला. "गाव एका दिवसात दुप्पट श्रीमंत झालं! साकव गेला की रे! सरकारी कामासाठी आलोय, असं सांगायचं ना!"

"बरं ताई. तसंच करतो."

गेणू वेशीपासूनच ओरडत निघाला, "सरकारी कामासाठी आलोय हो! सरकारी कामासाठी!"

म्हशी पेंढ्याच्या गंजीआड गेल्या. फ्रीजवर गोधड्या पडल्या. खरातवहिनी म्हणाल्या, "कसली शेती, भावजी? दारात तुळस आहे तेवढीच." भिवाआजोबा म्हणाले, "हा ओटासुद्धा माझा नाही. मी आपला जरा टेकलोय."

गावाची कमाई शून्य झाली. असला आकडा साहेब थोडाच मानणार?

शेवटी ताई स्वतः उठल्या. सगळ्या घरांतलं एकेक माणूस देवळासमोर रांगेत उभं केलं. कमी कमाईचं या टोकाला, जास्तीचं त्या टोकाला. म्हणाल्या, "स्वतःचं सांगू नका. शेजाऱ्याचं सांगा."

मग खरं बाहेर पडलं.

"ए, तू खाली कुठं घुसतोस? डेअरीला दूध कोण घालतं, तुझा मामा?"

"सरक वर! अजून सरक!"

ढकलाढकली होऊन सगळे जागच्या जागी लागले. बरोबर मधे आल्या सरूमावशी. दोन शेळ्या, एक शिलाई मशीन, आणि कमाई मागच्या मोजणीत मधल्या घराची होती तेवढीच.

"मिळाला साकव!" ताई म्हणाल्या. "गेणू, उद्या सकाळी साहेब मावशींच्या घरी तपासायला येतील. त्यांना काही कमी पडू देऊ नको हां." आणि शेवटच्या एसटीनं त्या आपल्या घरी गेल्या.

"बरं ताई. तसंच करतो."

गेणू पुन्हा घरोघर फिरला. आतापर्यंत शिकलेलं काही विसरला नाही. आधी पाणी मागितलं. मुलाबाळांची चौकशी केली. सरकारी कामासाठी आलोय म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "उद्या साहेब तपासायला येणार. सरूमावशीला काही कमी पडायला नको. तुमची म्हैस नेऊ का?"

"ने बाबा, ने! दोन्ही ने!" खरातवहिनी म्हणाल्या. "आणि तो फ्रीजही उचल. आमच्या दारात काही दिसायला नको."

सगळं गाव असंच म्हणालं. दिवस मावळायच्या आत सरूमावशींच्या दारात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अरे मेल्या, आता मी झोपू कुठं?"

"ट्रॅक्टरवर झोपा, मावशी. सीट मऊ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणूनं साहेबांना पाठुंगळीवर घेऊन ओढा पार करून आणलं. साहेबांनी सरूमावशींच्या दारातल्या म्हशी पाहिल्या, फ्रीज पाहिले, ट्रॅक्टर पाहिला, 'गाव फारच सुधारलं, साकवाची गरज नाही' असा शेरा मारला, आणि गेणूच्याच पाठुंगळीवर बसून ते परत गेले.