घळीतल्या घागरी

खूप खूप मागची गोष्ट. डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हा एका राज्यात तांब्याची खाण होती आणि तिथल्या राजाला नव्या वस्तूंचा भारी सोस होता. दर सणाला घरोघर नवी घागर यायलाच हवी, असा त्याने नियमच केला होता. जुनी घागर लोक गावाबाहेरच्या घळीत टाकून देत.

लहानग्यांनो, दगडातून तांबं काढायचं तर भट्टी दिवसरात्र धगधगती ठेवावी लागते. त्या भट्टीसाठी एकेक करून सगळी रानं तुटली. धूर गावावरून हलेना. उन्हाळा दर वर्षी लवकर येऊ लागला आणि उशिरा जाऊ लागला. शेवटी एकच रान उरलं, गावच्या झऱ्यावरचं. राजाने तेही तोडायचा हुकूम दिला.

त्या गावात भिवरा नावाची तांबटीण होती. भांडी घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, हे रान गेलं तर झरा आटेल. मग नव्या घागरीत भरायचं काय?"

"सण आठ दिवसांवर आलाय," राजा म्हणाला. "तीनशे घागरी हव्यात. रान न तोडता करून दाखवतेस?"

"दाखवते. आठ दिवस द्या."

"दिले. नाही जमलं, तर पहिली कुऱ्हाड तुझ्याच हातात देईन."

भिवरा थेट घळीत उतरली. सोबत दोघेतिघे तांबट होते. बाकीचे लोक वर उभे राहून नाकं मुरडत होते. "टाकलेलं भांडं देवापुढे ठेवायचं होय?"

तिसऱ्या दिवशी राजाच्या म्हाताऱ्या आत्याबाई काठी टेकत बघायला आल्या. भिवराने चिखलातून ओढून काढलेली एक घागर धुऊन त्यांच्यापुढे ठेवली. काठावर नाव कोरलेलं होतं. आत्याबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे माझ्या आईचं नाव. लहानपणी मी हिनेच पाणी भरलंय. बुडाला एवढंसं भोक पडलं, तर फेकून दिली होय हिला?"

त्यांनी पदर खोचला आणि त्याही घळीत उतरल्या.

हे कळताच अख्खं गाव लोटलं. "ही माझ्या आजीची!" "ही मामाने लग्नात दिलेली!" हातोहात घागरी वर येऊ लागल्या. कुणी पोचे ठोकून काढत होतं, कुणी डाग देऊन भोकं बुजवत होतं, कुणी कल्हई करत होतं. अगदीच चेपलेल्या तेवढ्या वितळवल्या. दगडातून तांबं काढायचं नसल्याने त्याला खाली पडलेल्या वाळक्या फांद्या पुरल्या. लोकांना जेवणाचंही भान उरलं नाही.

आठव्या दिवशी तीनशे अठरा घागरी उन्हात लखलखत होत्या. राजाने आपल्या आजीची घागर झऱ्यावर भरली आणि वर धरली. एक थेंब गळला नाही.

"ही पुन्हा फुटली तर?" त्याने विचारलं.

"पुन्हा आणा, महाराज. बूड वेगळं बसवलंय, तेवढंच बदलता येईल."

राजा हसला आणि नियम त्याने तिथेच मोडीत काढला. खाणीवर गवत उगवलं, धूर विरळ झाला. तांबटांना तर पूर्वीपेक्षा जास्त काम मिळालं, कारण आता प्रत्येक घर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत होतं.

बोध एवढाच: वस्तू टाकण्याआधी दुरुस्त करणारं गावच आपलं रान आणि पाणी राखतं.