तानीची सावली आणि येसूआजीच्या वाती

तर बाळांनो, पाय गोधडीत घ्या आणि कान इकडे करा.

नदीच्या काठाला एक नगर होतं. नगराला एक राजा होता आणि राजाला एक मुलगी होती. तिचं नाव हेमकळा. ती तान्ही असतानाच तिची आई देवाघरी गेली. मग तिला वाढवलं कुणी? तर येसूदाईनं. न्हाऊ घातलं येसूदाईनं, चिऊकाऊचे घास भरवले येसूदाईनं, बोट धरून चालायला शिकवलं तेही येसूदाईनंच.

मग काय झालं, हेमकळा मोठी झाली आणि येसूदाई म्हातारी झाली. सगळे तिला येसूआजी म्हणू लागले. तिचे डोळे गेले. मग एक दिवस ती ओट्यावरून पडली आणि तिचे पायही गेले. राजवाड्याच्या मागे, नदीच्या अंगाला तिचं घर होतं. तिथं ती अंथरुणाला खिळली. आता तिचं करायचं कुणी? मुलगा राजाच्या गलबतावर, दूर देशी. घरी होती सून. तानी तिचं नाव.

तानी सासूला आत्याबाई म्हणायची. सकाळी आत्याबाईंना उठवून बसवायचं. तोंड धुवायचं, केस विंचरायचे, पाठीला तेल चोळायचं. पेज करायची, फुंकर घालून निववायची आणि चमच्या-चमच्यानं भरवायची. मग या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. की झाली पुन्हा पेजेची वेळ! आजीनं हाक मारली, "तानेऽ", की हातातलं टाकून धावायचं. अशी वर्षं गेली. तानी कधी चिडली नाही असं नाही बरं का. चिडायची. परसात जाऊन भांडी आपटायची. पण मग पुन्हा आत येऊन आजीची उशी नीट करायची.

एके वर्षी दिवाळी तोंडावर आली. राजा दर दिवाळीला सगळ्यांना भेटी द्यायचा. त्यानं हेमकळेला बोलावलं. म्हणाला, "बाळ, यंदा येसूआजीची आणि तानीची भेट तू निवड. बघ हं, मनाला लागेल अशी दे."

हेमकळा आनंदानं बाजारात निघाली. आणि तो बाजार काही साधासुधा नव्हता. त्या बाजारातल्या वस्तू बोलायच्या! तांब्या म्हणायचा, "मला घ्या, मला घासावं लागत नाही." सुपली म्हणायची, "त्याचं ऐकू नका, खोटारडा आहे तो." अशी सगळी कलकल. त्यात उंचावर एक जरीची शाल बसली होती, मान ताठ करून. म्हणाली, "राजकन्ये, माझ्यासारखी भेट सात देशांत नाही. मला घे."

हेमकळा भुलली. तिनं शाल घेतली आणि थेट येसूआजीच्या घरी गेली. तानी अंगणात धुणं वाळत घालत होती. "तानीवहिनी, ही तुझ्यासाठी."

तानीनं शालीला हात लावला. हात ओला म्हणून पदराला पुसला आणि मग पुन्हा लावला. "किती सुंदर आहे हो, ताईसाहेब," ती म्हणाली.

तेवढ्यात हेमकळेची नजर खाली गेली. दुपारचं लख्ख ऊन होतं. तिची स्वतःची सावली पडली होती. तुळशीची पडली होती. कोंबडीचीसुद्धा पडली होती, चांगली काळीभोर. आणि तानीची? ताकाच्या निवळीसारखी पांढुरकी. असून नसल्यासारखी.

हेमकळा घाबरली. धावत राजवैद्याकडे गेली. वैद्यबुवा म्हातारे होते, त्यांनी खूप काही पाहिलं होतं. ते म्हणाले, "राजकन्ये, जी दुसऱ्यासाठी झिजते आणि जिच्यासाठी कुणी हात हलवत नाही, तिची सावली आधी झिजते. सावली पुरती गेली की माणूस पिसासारखं हलकं होतं. मग वारा येतो आणि त्याला घेऊन जातो."

"मग औषध द्या ना!"

"माझ्याकडे नाही. पण भाऊबीजेची चंद्रकोर मावळायच्या आत तिची सावली परत आली तर आली."

हेमकळेला वाटलं, शाल दिली आहे, आता येईल सावली. दुसऱ्या दिवशी ती बघायला गेली. तर घरात हा गोंधळ! शाल खुंटीवरून ओरडत होती, "अगं, धूर येतोय, मला हलव! अगं, पेज सांडली माझ्यावर! मला उन्हात नको. मला पाण्यात नको. मला मलमलीत गुंडाळ!" आतून आजी हाका मारत होती आणि बाहेरून शाल. तानीला दोन-दोन म्हाताऱ्या सांभाळाव्या लागत होत्या. हसू नका रे. तिची सावली आणखी फिकी झाली होती.

हेमकळेनं शाल काखोटीला मारली आणि बाजार गाठला. मनात म्हणाली, आजीचं काम हलकं झालं की तानीवहिनीला विसावा मिळेल. तिथं एक चांदीचा पलंग होता. तो म्हणाला, "मी आपोआप झुलतो. अंगाई गातो. माझ्यावर निजलेल्याला कुणाची गरज लागत नाही."

झालं! चार भोयांनी पलंग उचलला, आजीच्या खोलीत नेऊन ठेवला. आजीला वर निजवलं. पलंग झुलू लागला, गाऊ लागला. पहिल्यांदा बरं वाटलं. मग तो थांबेचना! सकाळी झुले, दुपारी झुले, नुसता "गाई गाई, जोजो." आजीला घेरी आली. पेज तोंडात जायची ती नाकाला लागायची. आजी ओरडली, "अगं, मी काय पाळण्यातलं पोर आहे? उतरवा मला!" एका हातानं पलंग धरायचा आणि दुसऱ्या हातानं घास भरवायचा, तानीच्या खांद्याला रग लागली.

हेमकळा आली तेव्हा तानीची सावली केसाएवढी उरली होती. आणि आजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. म्हणत होती, "मला नको पेज नि नको काही. मी सुटले म्हणजे पोर सुटेल."

पलंग परत गेला, कुरकुरत. धनत्रयोदशीचा दिवस उजाडला. हेमकळा तिसऱ्यांदा निघाली, पण या वेळी बाजाराकडे नाही. रिकाम्या हातानं येसूआजीच्या घरी आली आणि चुलीपाशी बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"तानीवहिनी, मला काही सुचत नाही. तूच सांग, तुला काय हवं?"

"मला? मला काही नको, ताईसाहेब. मला कसली कमी आहे?"

"येसूआजी, तुला?"

"मला काय करायचंय आता?" आजी भिंतीशीच बोलली.

दोघीही काही मागेनात. आता काय करावं? मग हेमकळेच्या डोक्यात एक लख्ख विचार आला. ती तानीला म्हणाली, "बरं, तुझं राहू दे. तुझ्या आत्याबाईंना काय आवडेल ते सांग."

आणि काय चमत्कार! तानीचा चेहरा उजळला. ती हळूच म्हणाली, "त्यांचे हात बघा."

हेमकळेनं बघितलं. आजीची बोटं गोधडीचा काठ वळत होती. वळायची, सोडायची. पुन्हा वळायची.

"दिवसभर हेच चालतं," तानी म्हणाली. "जन्मभर कामाचे हात आहेत ते. सगळे म्हणतात, आजी, तुम्ही पडून राहा. मीही तेच म्हणते. पण पडून राहायचाच कंटाळा आलाय त्यांना. त्यांना कुणी काही मागतच नाही हो. त्यांच्यासारख्या वाती या नगरात कुणी वळत नव्हतं."

एवढं बोलता बोलता तानीचे डोळे मिटले. बसल्या जागी, भिंतीला टेकून, गाढ झोपली बिचारी. हेमकळेनं तिच्या डोक्याखाली उशी दिली. मग आजीच्या कानाशी गेली आणि वैद्यबुवांनी सावलीचं काय सांगितलं ते तिला सांगितलं. "आजी, तानीवहिनी झोपली आहे. तिला काय हवं, ते तू सांग."

आजी हळूहळू भिंतीकडून वळली. "सांगते," ती कुजबुजली. "ती नदीवर पाणी आणायला जाते ना, मला घागर बुडाल्याचा आवाज येतो. मग कितीतरी वेळ कसलाच आवाज येत नाही. तेव्हा ती पलीकडे बघत उभी असते. पलीकडच्या तीराला माहेर आहे तिचं. भाऊ नावाडी, जनू त्याचं नाव. भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, जातो. पण मी पडल्यापासून माहेरच्या उंबऱ्यावर तिनं पाय ठेवलेला नाही. मी म्हणते जा, तर म्हणते, 'आत्याबाई, तुम्हाला कोण बघेल?'"

"मी बघेन," हेमकळा म्हणाली.

तानी जागी झाली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. तिनं ऐकलं आणि ती गडबडलीच. "नाही नाही, ताईसाहेब! त्यांना दुखतं कुठं ते तुम्हाला ठाऊक नाही. पेज किती निववायची ते ठाऊक नाही."

"मग शिकव."

"राजकन्येनं का असली कामं करायची?"

तेव्हा आजी कडाडली, "तिला शिकू दे गं! मी तिला चालायला शिकवलं. ती मला कुशीवर वळवायला शिकणार नाही होय?"

मग हेमकळा शिकली. पहिल्या दिवशी पेज कढत भरवली, आजी ओरडली. दुसऱ्या दिवशी गार भरवली, तरी आजी ओरडली. तिसऱ्या दिवशी आजी ओरडली नाही, म्हणजे जमली! तानी ते दिवस नुसती झोपली. जेवली की झोपली. अभ्यंगाच्या पहाटे हेमकळेनं दोघींच्याही पाठीला उटणं लावलं, आणि तानीच्या पाठीवरून किती वर्षांनी कुणाचा तरी मायेचा हात फिरला.

आणि आजी? राजवाड्यातून कापसाचं गाठोडं आलं. हेमकळा म्हणाली, "आजी, यंदा नगरातल्या सगळ्या पणत्यांना वाती हव्यात. कुणाला जमत नाहीत. तू देशील?"

हेमकळेचा हात धरून आजी उठून बसली. म्हणाली, "सरकी काढलेली आहे ना कापसातली? राख आण जराशी बोटांना लावायला. आणि पेज आण आधी, उपाशीपोटी हात चालत नाहीत." मग जी बोटं चालू लागली! डोळे नकोत की पाय नकोत. वातींचा ढीग पडला. लक्ष्मीपूजनाला दारोदारी आजीच्या वाती जळल्या. लोक येऊन सांगू लागले, "आजी, काजळी धरत नाही हो तुमची वात!" आजी म्हणायची, "धरेल कशी?"

भाऊबीज आली. सकाळीच जनू नाव घेऊन घाटाला लागला. बहिणीला न्यायचं म्हणून त्यानं नावेला झेंडूची माळ बांधली होती. तानीची सावली अजून फिकीच होती. निघताना तिनं दहादा मागं वळून बघितलं. "जा गं!" आजी घरातून ओरडली.

नाव गेली. दिवसभर हेमकळेनं आजीचं सगळं केलं. दिवस कलला, चंद्राची बारीक कोर दिसू लागली. आणि काय झालं, वारा सुटला! नदीवर लाटा उठल्या. हेमकळा दाराशी धावली. तानीवहिनीची सावली आली नसेल तर? वारा तिला घेऊन गेला तर?

आजी म्हणाली, "मला घाटावर ने." किती वर्षांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पण राजाच्या भोयांनी तिला अलगद पालखीत बसवलं आणि घाटावर आणलं. हेमकळेनं पायरीपायरीवर पणत्या लावल्या, वाऱ्याला ओंजळीचा आडोसा करून. आजीच्या जाड, घट्ट वाती. फडफडल्या, पण विझल्या नाहीत.

कोर खाली खाली जाऊ लागली. आजीनं हेमकळेचा हात घट्ट धरला. आणि मग आजीच म्हणाली, "वल्ह्याचा आवाज येतोय."

नाव घाटाला लागली. तानी उतरली. तिच्या केसांत फुलं होती, हातात आईच्या हातच्या करंज्यांचा डबा होता, आणि ती हसत होती. ती पहिल्या पायरीवर आली. पणत्यांचा उजेड तिच्यावर पडला.

"कळे," आजीनं विचारलं, "सावली दिसते का गं?"

हेमकळेनं खाली बघितलं. तिनं डोळे पुसले. "दिसते, आजी! चांगली लांबलचक. घाटभर पसरलीय!"

आजी हसायला लागली. तानी धावत आली, तिनं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? "आत्याबाई, पेज नीट निववली होती ना?"

"तुझ्यापेक्षा चांगली," आजी म्हणाली. खोटं बोलली हो, पण लाडानं बोलली.

मग सगळ्यांनी तिथंच बसून करंज्या खाल्ल्या.

पण एका दिवाळीनं भागतं का? हेमकळेनं ठरवलं, दर सोमवारी आजीपाशी आपण बसायचं. तानीनं कुठंही जावं, नाहीतर खुशाल लोळावं. एकदा हेमकळेला ताप आला तर खुद्द राजाच बसला. आजीनं त्याला वाती वळायला लावलं आणि म्हणाली, "महाराज, ही वात आहे की दोरखंड?" राजा इतका हसला की बाहेर पहारेकऱ्याला ऐकू गेलं. पुढं गलबत परतलं, तानीचा नवरा घरी आला, तोही पेज भरवायला शिकला. मग नगरात ज्यांच्या ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं, त्यांच्या शेजाऱ्यांनीही आपापले वार वाटून घेतले. येसूआजी खूप वर्षं जगली, सुखात जगली आणि मनसोक्त ओरडत जगली.

तसंच सुख सगळ्यांच्या घरी नांदो. चला, मिटा डोळे. कुणाला पाणी हवंय? नाही ना? मग झोपा आता, माझ्या सोन्यांनो.