उलगडाआजीचं लुगडं

फार फार वर्षांपूर्वी, राजे घोड्यावरून आणि बाकी सगळे पायी हिंडत असत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण सारखी आपलीच टकळी चालू ठेवणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

नदीकाठच्या एका पेठेत कापडाचं मोठं दुकान होतं. पांढरीशुभ्र गादी, मागे छतापर्यंत रचलेली लुगडी. दुकानाचे शेटजी आता थकले होते. गादीवर बसून विक्री करील असं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी दवंडी पिटवली : "काम हवं असेल त्याने बाजाराच्या दिवशी यावं. परीक्षा एकच. उलगडाआजीला एक लुगडं विकून दाखवायचं."

दवंडी ऐकून सगळी पेठ हसली. ही आजी दर बाजाराला दुकानात यायची, ऐसपैस बसायची, एकामागून एक लुगडी उलगडायला लावायची आणि शेवटी, "रंग काही मनात भरत नाही बाई," म्हणून काठी टेकत निघून जायची. घड्या घालून घालून गड्यांचे हात भरून यायचे. म्हणून तर तिला हे नाव पडलं होतं. जो हिला विकेल तो कुणालाही विकेल, असा शेटजींचा हिशेब होता.

त्याच पेठेत गोजरा नावाची एक विणकराची मुलगी राहायची. वडिलांचे हात थरथरू लागले आणि घरातला माग बंद पडला. वडील म्हणाले, "पोरी, दसऱ्यापर्यंत वाट बघू. काही जमलं नाही, तर घर सोडून मामाकडे जाऊ." मामा चांगला होता, पण मामी ताट आदळून वाढायची. म्हातारपणी वडिलांवर त्या ताटात जेवायची वेळ यावी, हे गोजराला नको होतं. "हे काम मी मिळवणारच," असं म्हणून तिने दवंडीवाल्यालाच दुकानाची वेळ विचारली.

बाजाराच्या दिवशी आधी एक गोडबोल्या तरुण गादीवर बसला. "आजी, हे नेसून निघालात तर राणीसाहेब मागे वळून बघतील!"

"राणीसाहेबांना घरी काही कामधाम नाही का रे?" आजी म्हणाली. झालं, तो उठला.

मग गोजरा बसली. विणकरांच्या घरात चांगलं कापड म्हणजे जड कापड. गिऱ्हाईक नको म्हणालं, की त्याहून जड काढायचं, ही त्या पेठेची रीतच होती. गोजराने सगळ्यात भारी लुगडं काढलं. "वीण बघा आजी, किती घट्ट आहे. हातात घेऊन वजन बघा. नातवंडं मोठी होतील तरी फाटायचं नाही."

"ते टिकेल गं. मी कुठे टिकतेय तेवढी?" आजी म्हणाली. गोजराने त्याहून जड काढलं. आजीने ते खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं. "रंग काही मनात भरत नाही बाई."

शेटजी म्हणाले, "झालं पोरी. दुसऱ्यांदा बसवायची आमच्याकडे पद्धत नाही."

"बसवू नका शेटजी. पण मला पायरीवर बसू द्या. पायरी काही गादी नव्हे."

शेटजींनी हाताने पायरी दाखवली. गोजरा पायरीवर बसली, ती दर बाजाराला बसू लागली. ऊन डोक्यावर यायचं. गडी चिडवायचे, "काय गोजराबाई, पायरी विकत घेतली का?" लाजेने तिचे कान तापायचे. पण ती उठली नाही.

पायरीवरून बोलायची सोय नव्हती. मग करणार काय? बघणार! येईल तो उमेदवार घसा कोरडा होईपर्यंत बोलायचा, आणि गोजरा आजीकडे बघायची. एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की लुगडं उलगडलं की आजीचा चेहरा फुलतो. ती काठावरून मायेने हात फिरवते. पण लुगडं खांद्यावर टाकलं, की खांदा खाली जातो आणि हात गुपचूप काठी चाचपतो. आणि मग रंग मनातून उतरतो. अंगावरचं लुगडं मात्र धुऊन धुऊन विरलेलं, ठिगळांचं. तेच ती सोडत नाही.

दसऱ्याआधीचा शेवटचा बाजार आला. घरी वडिलांनी बोचकी बांधली होती. संध्याकाळी मामाची बैलगाडी यायची होती. गोजरा शेटजींपुढे उभी राहिली. "आज एकदाच बसू द्या."

"एकदा सांगितलं ना?"

"बसू दे रे तिला," आजीच गादीवरून म्हणाली. "किती दिवस उन्हात तापतेय पोर."

गोजराने वरच्या फळ्यांना हातच लावला नाही. ती वाकली आणि सगळ्यात खालून एक लुगडं ओढलं. वांगी रंग, लाल काठ, पण वीण अशी पातळ आणि मऊ, की हलका माल म्हणून ते कुणी गिऱ्हाइकाला दाखवतच नसे. गडी एकमेकांना कोपराने ढोसू लागले. शेटजींच्या कपाळावर आठ्या पडल्या.

तिने ते आजीच्या खांद्यावर ठेवलं आणि ती गप्प बसली. जिभेवर किती तरी शब्द आले. तिने ते गिळले.

आजीचा खांदा खाली गेला नाही. ती उठली, दारापर्यंत जाऊन आली. काठी गादीवरच राहिली होती.

"रंग बरा आहे," आजी म्हणाली. "बांधून दे."

आजी गेल्यावर शेटजी कुजबुजले, "म्हणजे तिला इतके दिवस जड लुगडं पेलवत नव्हतं?"

"तिला रंग आवडला, शेटजी," गोजरा म्हणाली. "कुणी विचारलं, तर तुम्हीही तेवढंच सांगा."

शेटजी गादीवरून बाजूला सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.

त्या संध्याकाळी मामाची गाडी रिकामीच परत गेली, आणि थरथरत्या हातांनी वडिलांनी बोचक्यांच्या गाठी सोडल्या.

गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच : समोरच्याला काय हवं ते कळायचं असेल, तर आधी आपलं बोलणं थांबवावं आणि त्याच्याकडे नीट बघावं.