धुऊन नेलेल्या कांड्या

आता मला कशाला बोलायला लावता? लिहिता येतं तुम्हाला, माझी चौथीपण धड झाली नाही. पण मठाची बाग मी राखतो आणि तेव्हा समोर मीच होतो. ऐका. मधे बोलू नका.

"मला द्यायचं तुमचं काय राहिलं, बाबा? तेवढं सांगा."

नीळकंठ उभ्या उभ्याच विचारत होता. बारा वर्षं आमच्या मठाच्या दाजीबाबांपाशी शिकला आणि मग पलीकडच्या डोंगरावर स्वतःचा मठ काढून बसला.

बाबा उतरणीवर बसून वेलातलं गवत काढत होते. वेल म्हणजे पिवळ्या फुलांचा, जमिनीवर पसरणारा रानभुईमूग. आमची सगळी उतरण त्यानंच धरून ठेवली आहे.

"बस," बाबा म्हणाले.

"बसायला वेळ नाही. आठ दिवसांत पाऊस येतोय. गेल्या वर्षी माझ्या डोंगराची माती झऱ्यात गेली. गावाला गढूळ पाणी प्यावं लागलं. यंदाही तसंच झालं तर मला हाकलून देतील."

"कांड्या लावल्या होत्यास ना?"

"लावल्या की! याच वेलाच्या, दोन-दोन पेरांच्या. मुळं फुटली. पण पानं पिवळी, वाढ नाही... तुमच्या माळ्यानं मुद्दाम रोगट कांड्या दिल्या."

मुद्दाम! मी विळा खाली ठेवला.

"इथल्या मातीची पाटी भरून दिली होती मी. तिचं काय केलंत?"

"फाटकाबाहेर ओतली. माझ्या डोंगरावर मातीला काय तोटा? कांड्यासुद्धा चिखलानं बरबटलेल्या. तीन पाण्यांनी धुऊन नेल्या."

नीळकंठ येरझारा घालायला लागला. चार पावलं इकडे, चार तिकडे.

"एक उपट," बाबा म्हणाले.

त्यानं चिडून हिसका दिला. वेल मातीसकट वर आला. मुळांना मोहरीएवढ्या गाठी, गच्च. त्यांच्यावरच हा वेल पोसतो.

तो थांबला. बोटानं चाचपत राहिला.

"माझ्या वेलांना या नाहीत... कुठून येतात या?"

बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच खड्ड्यात मनगटापर्यंत दाबले. दाबूनच ठेवले. तो चुळबुळला, ओढून बघितलं. म्हाताऱ्याची पकड सुटेना.

सुटली तसा तो पायरीवरच्या बादलीकडे धावला.

बाबांनी पायानं बादली लवंडली.

"अहो, हात तरी धुऊ द्या!"

"तसाच जा."

जाताना त्यानं माझ्यापुढे रिकामी पाटी धरली. मी इथल्याच मातीनं भरून दिली. मान खाली घालून गेला. आता त्याची उतरण हिरवीगार आहे म्हणे, आणि लोक पाया पडतात. पडू देत. 'मुद्दाम' म्हणाला होता मला, ते अजून मागे घेतलेलं नाही...

नाव तेवढंच लिहा, नीळकंठ सखाराम घोगळे. महाराज असेल तुमचा.