पिराजीने काच पुसली

सांगा पाहू, भरवसा कुणावर ठेवावा? सांगितलेलं विसरणाऱ्यावर, की सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्यावर? तंतोतंत करणाऱ्यावर म्हणत असाल, तर घाई करू नका. आधी पिराजीचं ऐका.

एका गावात हा भोळा पिराजी राहायचा. मावशीच्या पिठाच्या गिरणीवर दळण दळायचा. अंगानं दांडगा, मनानं साखर. लबाडी त्याच्या गावीही नव्हती. पण आम्ही व्यापारी लोक म्हणतो ना, लबाड माणूस एकदाच बुडवतो, भोळा रोज थोडं थोडं.

त्याची मावशी म्हणजे इंदूमावशी, गिरणीची मालकीण. तिच्या गिरणीत पीठ मऊसूत निघायचं, पण नंबरावरून भांडणं फार. बाया डबे रांगेत ठेवून घरी जायच्या, संध्याकाळी न्यायला यायच्या. मधल्या वेळात कुणाचा डबा आपोआप पुढे सरकायचा, कुणाचा मागे. आणि आता स्टँडजवळ नवी गिरणी निघाली होती. तिथे म्हणे भिंतीवर नंबर झळकतात.

"दिवाळीची भाजणी तिकडे गेली, तर आपल्या गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायचा," मावशी म्हणाली.

मावशीची लेक वैजू पुण्याला नोकरीला होती. तिनं आईसाठी एक पार्सल पाठवलं. आत पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक. सगळा कारभार एकाच हिरव्या पाटीवर. सोबत शाळेच्या पाटीएवढी टचस्क्रीन. काचेला स्पर्श केला की पुढचा नंबर झळकणार.

"जोडणार कोण?" मावशीनं विचारलं.

"मी आहे की!" पिराजी म्हणाला.

"तेच भ्या वाटतंय मला."

वैजूनं फोनवर शिकवायला घेतलं. "पिराजी, आधी वीज बंद कर. मग स्क्रीनच्या पिना बोर्डावर, त्या हिरव्या पाटीवर, बसव."

पिराजीनं वीज बंद केली. भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. धडधड चाललेली गिरणी अर्ध्या दळणावर मुकी झाली. दारातल्या बाया ओरडायला लागल्या. मावशी धावत आली.

"अरे मेल्या, गिरणी कशाला बंद केलीस?"

"ताई म्हणाली, वीज बंद कर."

"त्या डबीची रे! एकाचं काम करताना दुसऱ्याचं अडवू नये, एवढं कळत नाही?"

"आता कळलं," पिराजी म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी वैजूनं सांगितलं, "तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात जा. त्यांच्या कॉम्प्युटरवरून मेमरी कार्डात सिस्टीम भरून आण. त्याशिवाय बोर्ड म्हणजे नुसता दगड."

पिराजी गेला. कार्ड कॉम्प्युटरला लावलं, भरणं सुरू झालं. तेवढ्यात एक म्हातारबाबा सातबाऱ्याची प्रिंट काढायला आले.

"किती वेळ लागंल रं बाबा?"

पिराजीला मावशीचा धडा आठवला. एकाचं करताना दुसऱ्याचं अडवू नये. त्यानं अर्ध्यावरच कार्ड उपटलं. "या बाबा, तुमचं होऊ द्या."

म्हातारबाबांनी तोंडभर आशीर्वाद दिला. पिराजीनं गिरणीत येऊन कार्ड बसवलं, तर स्क्रीन पांढरीफटक.

"काय दिसतंय?" वैजूनं फोनवर विचारलं.

"काही नाही ताई. कोरी आहे. छान पांढरी."

सगळी कथा कळल्यावर वैजूनं कपाळाला हात लावला. "पिराजी, एकदा सुरू झालेलं पूर्ण होईस्तोवर काढायचं नाही. साक्षात देव आला तरी नाही!"

"आता कळलं," पिराजी म्हणाला. पुन्हा जाऊन त्यानं कार्ड शेवटपर्यंत भरून आणलं. मागे रांग लागली तरी जागचा हलला नाही. शाबास म्हणा.

त्याच दुपारी पाटलीणकाकूंचे गहू दळायला लावले. खाली डबा लावलेला. डबा काठोकाठ भरला. पीठ उतू चाललं.

"अरे पिराजी, डबा काढ! दुसरा लाव!" काकू ओरडल्या.

"पूर्ण होईस्तोवर काढायचा नाही, काकू. साक्षात देव आला तरी."

"मी देव नाही रे, मी पाटलीण आहे!"

"मग तर नाहीच."

डब्याभोवती पिठाचा डोंगर उभा राहिला. खालचं निम्मं मातीत गेलं. मावशीनं काकूंना आपल्या घरचं पीठ भरून दिलं आणि पिराजीला फैलावर घेतलं. "डबा पुरत नसेल, तर निदान खाली चादर तरी अंथरावी माणसानं! गिऱ्हाइकाचं पीठ मातीत जाता कामा नये."

"आता कळलं," पिराजी म्हणाला.

एवढं पीठ उडालं, त्यातलं स्क्रीनवरही बसलं. वैजू घाबरली. "पिराजी, पीठ आणि मशीन यांचं हाडवैर. जपून ठेव तिला."

पिराजीनं स्क्रीनला जुन्या धोतराचे चार वेढे घातले. संध्याकाळी वैजूचा फोन आला.

"आता काय दिसतंय?"

"धोतर."

"अरे उघड ते! आता?"

"आकडे दिसतात. पण खाली डोकं वर पाय."

"उलटी लागलीय. फिरव तिला."

पिराजीनं फिरवली. "फिरवली ताई. आता उलटं दिसत नाही."

"सुलटं दिसतंय ना?"

"काहीच दिसत नाही. तोंड भिंतीकडे गेलं."

वैजूनं दीर्घ श्वास घेतला. पोरगी गुणाची. तिनं सावकाश सांगितलं, "वरची बाजू खाली कर. तोंड दाराकडे, गिऱ्हाइकांकडे. उघडी ठेव. आणि पिठाचा कण जरी दिसला, तरी लगेच मऊ फडक्यानं पुसून काढ."

"आता कळलं," पिराजी म्हणाला.

आणि काय सांगू, स्क्रीन लागली! सुलटी, लख्ख. दिवाळीच्या तोंडावर बायांना डब्यावर चिकटवायला नंबराच्या चिठ्ठ्या मिळाल्या. दारात डब्यांची ही रांग. कुणाची चकलीची भाजणी, कुणाची हरभऱ्याची डाळ, कुणाचे गहू, कुणाचे अनारशांचे तांदूळ. स्टँडजवळच्या गिरणीकडे जाणाऱ्या बायासुद्धा वाट वाकडी करून इकडे आल्या. मावशीला आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी ती बाजाराला निघाली. जाताना बजावलं, "पिराज्या, आजचा दिवस गिरणीच्या जिवावरचा आहे. स्क्रीनवर ज्याचा नंबर, त्याचाच डबा ओतायचा. आणि नंबर आला की ओतायचाच, ताटकळत ठेवायचा नाही."

"काळजी करू नकोस मावशी. आता सगळं कळलंय."

मावशी गेली. स्क्रीनवर एक नंबर. पिराजीनं पहिला डबा ओतला. गहू. गिरणी धडधडली. पिठाचा धुरळा उडाला, काचेवर बसला. पिराजीनं मऊ फडकं घेतलं आणि काच पुसली.

पुसताना काचेला स्पर्श झाला. नंबर दोन!

"आला का लगेच?" पिराजी म्हणाला आणि दुसरा डबा ओतला. भाजणी. धुरळा उडाला. काच पुसली. नंबर तीन. ओतला. हरभऱ्याची डाळ. धुरळा उडाला. काच पुसली. नंबर चार.

खालचा डबा तर केव्हाच भरला. पिराजी आता शहाणा झाला होता. त्यानं लग्नातली मोठी जाजमं आणून अंथरली. पिठाचा कण मातीत जाऊ दिला नाही. ओत, धुरळा, पूस, नंबर. ओत, धुरळा, पूस, नंबर. घामानं निथळला, पण कुणाचं काम अडवलं नाही, सुरू केलेलं सोडलं नाही.

संध्याकाळी मावशी आली, तर दारात रिकाम्या डब्यांची शिस्तीत रांग आणि आत जाजमावर पिठाचा एक डोंगर.

"हे कुणाचं रे?"

"सगळ्यांचं."

तेवढ्यात बाया आल्या. "माझी भाजणी कुठली?"

"ही."

"आणि माझे गहू?"

"हेच."

"माझे अनारशांचे तांदूळ रे?"

"तेही हेच, वहिनी. आतल्या बाजूला असतील."

मावशी मटकन खाली बसली. बाया कडाडल्या. आता गिरणीवर थुंकायलाही कुणी येणार नाही, हे तिला दिसलंच. पण बाई खमकी. पदर खोचून उठली. "बायांनो, चूक माझ्या घरची. जिनं जेवढं आणलं, तेवढं तिनं तोंडानं सांगावं आणि न्यावं. मी तोंड बघून मोजणार नाही."

झालं! पाच किलोवालीचे सात झाले, सातवालीचे दहा. पाटलीणकाकूंनी तर डबा आणलाय की पिंप, असा प्रश्न पडावा. मावशी सगळं समजत होती. डोंगर अर्ध्यातच संपणार आणि मागच्या बायांपुढे आपण तोंडघशी पडणार, हेही तिला कळत होतं. तरी ती मापं भरत गेली.

पण डोंगर संपेना. सगळ्यांचे डबे शिगोशीग भरले. चाखून पाहिलं, तर थालीपिठाला पीठ झक्कास. बाया हसतच घरी गेल्या. अशी गिरणी पाहिली नाही म्हणाल्या, नेलं त्याहून जास्त परत मिळतं. उद्या पुन्हा येतो म्हणाल्या.

मावशीनं जाजमावर उरलेल्या पिठाकडे पाहिलं. "पिराज्या, देवाची करणी रे! हे पुरलं कसं?"

पिराजी लाजला. "करणी कसली मावशी. शेवटचा डबा ओतला, काच पुसली, तर अजून एक नंबर आला. आणि डबा तर एकही उरला नव्हता."

"मग?"

"तू म्हणालीस ना, नंबर आला की ताटकळत ठेवायचा नाही. म्हणून तुझ्या माजघरातलं वर्षाच्या डाळीचं पोतं ओतलं. मग परत काच पुसली, तर परत नंबर आला. मग तांदळाचंही ओतलं."

तर मंडळी, भरवसा कुणावर ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच. मावशीसारखं कुणी नुसत्या तुमच्या शब्दावर देत असेल, तेव्हाही पाच आणले असतील तर पाचच सांगा. हिशेब चोख ठेवा. वरचे दोन कुणाच्या तरी माजघरातून येतात.